नॉव्हिस मिस्ट्रेसची जबाबदारी नव्यानं आलीय? सुरुवात अशी करा

बदल्यांचं पत्र येतं, तुमच्या नावापुढे 'नॉव्हिस मिस्ट्रेस' (सिस्टर व्हायला आलेल्या, अजून व्रतं न घेतलेल्या मुलींना, म्हणजे नॉव्हिसांना, घडवणारी सिस्टर) लिहिलेलं असतं, जेवणाच्या टेबलाशी सगळ्या सिस्टर्स टाळ्या वाजवतात आणि त्या रात्री झोप लागत नाही. माझं असंच झालं. तोवर मी बारा वर्षं शाळेत गणित शिकवत होते. आधीच्या सिस्टरांनी किल्ल्यांचा जुडगा आणि अर्धं कोरं रजिस्टर हातात दिलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं त्या नव्या घरी निघून गेल्या. घरात पाच मुली होत्या. दोघी आपल्याकडच्या, तिघी झारखंड-ओडिशाच्या.

पुढची नऊ वर्षं मी हे काम केलं. त्यात ज्या चुका केल्या त्या तुम्ही करू नयेत म्हणून हे लिहिते आहे. मी सिस्टर्सच्या संस्थेतली, म्हणून 'मुली' म्हणते. ब्रदर्सच्या किंवा फादरांच्या संस्थेत नॉव्हिस मास्टर असाल तरी बहुतेक गोष्टी लागू पडतील, फरक असेल तिथे सांगेन.

१. मुलींना ओळखण्याआधी कायदा वाचा

वाचायचं फार नाही. तुमच्या संस्थेची घटना, संस्थेच्या तुमच्या प्रांताची नियमावली आणि १९८३ च्या कॅनन लॉमधली (कॅथलिक चर्चच्या कायद्यातली) ६४१ ते ६५३ ही कलमं. अर्धा-पाऊण तासाचं काम. पण मी ते पहिल्या चार महिन्यांत केलं नाही आणि 'आपल्याकडे असंच करतात' यावर गाडी हाकत राहिले.

दोन कलमं पहिल्याच आठवड्यात उपयोगी पडतात. ६५० प्रमाणे नॉव्हिसांच्या घडणीची सूत्रं एकाच व्यक्तीकडे असतात, वरिष्ठांच्या अधिकाराखाली. घराची शिस्त सुपीरियर (घराची प्रमुख सिस्टर) सांभाळेल, पण 'ही मुलगी गाते फार मोठ्यानं, हिला सांग' असं येता-जाता प्रत्येक ज्येष्ठ सिस्टर थेट मुलीलाच सुनवायला लागली तर त्या पोरीला पाच सासवा होतात. त्या सिस्टरांना गोडीनं सांगा की तक्रार माझ्याकडे आणा. पहिल्या दिवशी सांगितलं तर कुणाला राग येत नाही. सहा महिन्यांनी सांगितलं तर येतो.

दुसरं कलम ६५१. मिस्ट्रेसनं कायमची व्रतं घेतलेली असावीत, तिची तयारी झालेली असावी आणि तिच्यावर दुसऱ्या कामांचं ओझं नसावं. माझ्याकडे वसतिगृहाचे हिशेबही होते. एका मुलीनं तीनदा दार वाजवलं आणि तिन्ही वेळा मी पावत्यांत डोकं घालून बसले होते. चौथ्यांदा ती आली नाही. तेव्हा कुठे मी प्रोव्हिन्शियलना, म्हणजे प्रांताच्या प्रमुख सिस्टरना, पत्र लिहिलं.

२. प्रत्येकीची फाईल पूर्ण करा

नॉव्हिशिएट (नॉव्हिस म्हणून घडण्याचा काळ) सुरू होण्याआधी हे कागद हवेत:

- बाप्तिस्म्याचा दाखला, अलीकडे काढलेला
- दृढीकरण संस्काराचा (कन्फर्मेशनचा) दाखला
- ती अविवाहित आणि मोकळी असल्याचं धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) फादरांचं पत्र
- वयाचा पुरावा (१७ पूर्ण नसतील तर प्रवेशच अवैध ठरतो)
- वैद्यकीय तपासणीचा अहवाल, रक्ताच्या तपासण्यांसह
- तिनं स्वतःच्या हातानं, स्वतःच्या भाषेत लिहिलेला अर्ज
- आधी दुसऱ्या संस्थेत राहून आली असेल तर तिथल्या वरिष्ठांचं पत्र
- शाळा-कॉलेजच्या गुणपत्रिका आणि आधार कार्ड यांच्या प्रती

शेवटच्या ओळीत 'प्रती' म्हटलंय ते मुद्दाम. मूळ कागद मुलीकडेच राहू द्या. पुष्कळ घरांत ते 'सुरक्षित राहावेत' म्हणून ऑफिसच्या कपाटात ठेवतात. हेतू चांगला असतो, पण जिला घरी परत जायचंय तिला आधी तुमच्याकडे कपाट उघडायची विनंती करावी लागते, आणि तेवढ्यासाठी ती दोन महिने गप्प बसते.

नावांचा घोळ हमखास असतो. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर एक नाव, शाळेत दुसरं, आधारवर आडनावाचं स्पेलिंग तिसरंच. आदिवासी पाड्यांतून आलेल्या मुलींच्या बाबतीत तर जन्मतारीखसुद्धा शाळेतल्या गुरुजींनी अंदाजानं टाकलेली निघते. हे सुरुवातीलाच निस्तरा. पुढे नर्सिंगला किंवा बी.एड.ला प्रवेश घेताना तिचीच दमछाक होते.

मानसशास्त्रीय चाचणी करत असाल तर तिची लेखी संमती घ्या आणि अहवाल कोण कोण वाचणार हे चाचणीच्या आधी सांगा. कलम ६४२ तज्ज्ञांची मदत घ्यायला मुभा देतं, पण खासगीपणा जपण्याच्या अटीवर.

३. दिवस मोजा

गणिताच्या बाईला हे सोपं जायला हवं होतं, पण इथेच मी सगळ्यात जास्त घाबरले.

नॉव्हिशिएट वैध होण्यासाठी नॉव्हिशिएटच्या घरात, त्या समूहासोबत, १२ महिने काढावे लागतात. एकूण काळ दोन वर्षांपेक्षा जास्त ठरवता येत नाही. घराबाहेरची गैरहजेरी सलग किंवा तुटक मिळून तीन महिन्यांपेक्षा जास्त झाली तर सगळंच अवैध. १५ दिवसांपेक्षा जास्त झाली तर ते दिवस भरून काढायचे. पहिली व्रतं ठरल्या तारखेच्या फार तर १५ दिवस आधी होऊ शकतात, तीही वरिष्ठांच्या परवानगीनं.

माझ्याकडच्या एका मुलीला पावसाळ्यात कावीळ झाली, ती नऊ दिवस दवाखान्यात होती. डिसेंबरात तिचे वडील वारले, तेव्हा जाऊन-येऊन तेरा दिवस गेले. दोन्ही वेळा मला वाटलं की १५ च्या आतच आहे. दोन्हींची बेरीज २२ होते हे व्रतांच्या पत्रिका छापायला देण्याच्या आदल्या रात्री लक्षात आलं. तारीख पुढे ढकलली. घरच्यांनी रेल्वेची तिकिटं काढून ठेवली होती, ती रद्द करावी लागली. तेव्हापासून भिंतीवरच्या कालनिर्णयावर प्रत्येकीसाठी वेगळ्या रंगाचं पेन.

दुसरा सापळा याहून फसवा आहे. एखाद्या मिशन केंद्रात नर्स कमी पडते, बोर्डिंगमध्ये वॉर्डन आजारी पडते आणि फोन येतो, 'दोन नॉव्हिस महिनाभर पाठवा ना, अनुभवही मिळेल.' सेवेचा अनुभव घेण्यासाठी बाहेर पाठवता येतं, तुमच्या घटनेत तशी सोय असेल तर. पण तो काळ त्या १२ महिन्यांच्या व्यतिरिक्त धरावा लागतो. शिवाय घडणीशी थेट संबंध नसलेल्या कामांत आणि अभ्यासात नॉव्हिसांना गुंतवू नये असं ६५२ व्या कलमात स्पष्ट आहे. नॉव्हिस म्हणजे बिनपगारी मनुष्यबळ नव्हे. हे वाक्य मी फोनवर कधी बोलले नाही. 'कलम बघते आणि कळवते' एवढंच म्हणायचे.

४. पहिले दोन महिने काही शिकवू नका

थोडं अतिशयोक्तीनं म्हणते आहे. प्रार्थना, मिस्सा (चर्चमधली रोजची उपासना), मौनाच्या वेळा, घरातली कामं हे चालूच राहील. पण दारिद्र्य, ब्रह्मचर्य, आज्ञापालन यांवरचे वर्ग पहिल्या आठवड्यात सुरू केलेत तर मुली वहीत उतरवून घेतील, एवढंच होईल.

सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्टच्या नियमांत ५८ वा अध्याय नवख्यांबद्दल आहे. येणाऱ्याला सहज आत घेऊ नका, असं तो सुरुवातीलाच बजावतो. मग दोन महिन्यांनी नियम पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवायचा, पुढे सहा महिन्यांनी पुन्हा, त्यानंतर चार महिन्यांनी तिसऱ्यांदा. बेरीज करा, बारा महिने होतात. मजकूर तोच, ऐकणारी व्यक्ती मात्र दर वेळी थोडी बदललेली. मी आमच्या घटनेचं वाचन याच अंतरानं ठेवलं. पहिल्या वाचनाला प्रश्न येतात ते फोनबद्दल आणि सुट्टीबद्दल. तिसऱ्या वाचनाला एका मुलीनं विचारलं, 'सिस्टर, सुपीरियर चुकीचं सांगत असेल तर?' त्या दिवशी मला वाटलं, आता आज्ञापालनाचा वर्ग घ्यायला हरकत नाही.

पहिल्या महिन्यांत लक्ष द्यायचं ते झोप, जेवण आणि भाषेकडे. भात खाऊन वाढलेल्या मुलीला दोन्ही वेळा भाकरी वाढली तर ती तक्रार करणार नाही, अर्धपोटी उठेल. सकाळी पाचला उठवायचं तर रात्री साडेनऊला दिवे खरोखर बंद झाले पाहिजेत, भांडी घासून व्हायची राहिली असली तरी.

५. आठवड्याची भेट

सगळं काम खरं इथे आहे.

प्रत्येकीला आठवड्यातून एकदा पाऊण तास द्या. वार आणि वेळ ठरलेली हवी. वेळ ठरलेली असली की 'सिस्टरनी बोलावलंय, म्हणजे काहीतरी चुकलं' ही भीती जाते.

मी सुरुवातीला ऑफिसात टेबलामागे बसून भेटायचे. 'प्रार्थना कशी चाललीय?' 'चांगली चाललीय सिस्टर.' 'काही अडचण?' 'नाही सिस्टर.' दहा मिनिटांत संपायचं. मला वाटायचं, केवढी समाधानी पोर. पुढे एकदा स्वयंपाकघरात आम्ही दोघी मेथी निवडत बसलो होतो. हात कामात, नजर पानांवर. आणि ही पोर आपणहून बोलायला लागली. तिच्या धाकट्या बहिणीचं शिक्षण थांबलं होतं आणि ते आपल्यामुळे थांबलं असं तिला आठ महिने वाटत होतं. आठ महिने तिची प्रार्थना 'चांगली' चालली होती! तेव्हापासून माझ्या निम्म्या भेटी मेथी, शेंगा नाहीतर बागेतली खुरपणी यांच्या संगतीनं झाल्या.

विचारायचे प्रश्न छोटे ठेवा. 'या आठवड्यात कंटाळा कधी आला?' 'कुणाचा राग आला?' 'चॅपेलमध्ये बसल्यावर मन कुठे जातं?' विचारून झालं की थांबा. उत्तर यायला वेळ लागतो. ज्या मुलीची मातृभाषा सादरी किंवा कुडुख आहे ती तुमचा प्रश्न आधी मनात उलटवते, मग उत्तर जुळवते, मग ते मराठीत किंवा हिंदीत आणते. एवढ्या वेळात आपण घाईघाईनं स्वतःच उत्तर सुचवतो आणि ती सुटका झाल्यासारखी 'हो सिस्टर' म्हणते. मी मनात वीस आकडे मोजायची सवय लावली. वीस आकडे फार लांब असतात. आमच्या वसईच्या मुलीसुद्धा घरी सामवेदी किंवा वाडवळी बोलतात. रडायचं असलं की त्यांची प्रमाण मराठी पळून जाते. 'तुझ्या भाषेत सांग, मला कळेल तेवढं कळेल' असं म्हणून बघा.

एक मर्यादा पक्की लक्षात ठेवा. मनातलं उघड करायला तुम्ही तिला कोणत्याही प्रकारे भाग पाडू शकत नाही. वरिष्ठांना तशी स्पष्ट मनाई आहे, कलम ६३० मध्ये. ती आपणहून सांगेल ते ऐका. 'माझ्यापासून काही लपवायचं नाही हं' हे वाक्य प्रेमानं म्हटलं तरी नको.

६. कबुलीसाठी फादर, आणि बाहेरचं कुणीतरी

घडणीच्या घरात नियमित कबुली (पापांची, कन्फेशन) ऐकणारे फादर नेमलेले असतात, पण मुलींनी त्यांच्याकडेच गेलं पाहिजे असं नाही. महिन्यातून एकदा दुसऱ्या फादरांना बोलवा. फादरांच्या संस्थेत एक नियम जास्तीचा: नॉव्हिस मास्टरनं आपल्याच घरातल्या नॉव्हिसांच्या कबुल्या ऐकायच्या नाहीत, एखाद्यानं विशिष्ट प्रसंगी आपणहून मागितलं तरच. कारण उघड आहे. ज्याला पुढे मत द्यायचंय त्याच्या कानात कबुलीतलं काही असता कामा नये.

७. वहीत विशेषणं लिहू नका

पहिल्या वर्षीच्या माझ्या वहीत एका मुलीपुढे लिहिलंय: 'आळशी. ध्यानाच्या वेळी झोपते. उत्साह कमी.' तीन महिने मी तिला पहाटे पहिल्या रांगेत बसवलं. मग तिला जिन्यात चक्कर आली, दवाखान्यात नेलं, तर हिमोग्लोबिन साडेसहा. प्रवेशाच्या वेळचा अहवाल फाईलमध्ये होता. त्यातही आकडा कमीच होता. मी तो वाचला नव्हता.

त्यानंतर मी फक्त घडलेलं लिहायला लागले. 'मंगळवार आणि गुरुवारी ध्यानात झोपली. रात्री उशिरापर्यंत आजारी सिस्टरजवळ होती.' अशा नोंदीखाली मत लिहायची घाई होत नाही. सहा महिन्यांच्या नोंदी एका बैठकीत वाचल्या की जे दिसतं ते एका दिवसाच्या रागात दिसत नाही. लोक म्हणतात नॉव्हिस मिस्ट्रेसला सहनशक्ती हवी. मला तरी सहनशक्तीपेक्षा ही वही जास्त कामी आली; मत पुढे ढकलायला तिनं मला जागा दिली.

दर तीन महिन्यांनी प्रांताला अहवाल जातो. तो पाठवण्याआधी त्यातलं तिच्याबद्दलचं म्हणणं तिला सांगा. जे तोंडावर सांगायची हिंमत नाही ते कागदावर जाऊ नये.

८. घरच्यांना दूर ठेवू नका

फोन किती, पत्रं किती, हे तुमची नियमावली सांगेल. नियम काहीही असो, घरातलं आजारपण, मृत्यू, कर्ज, भावाचं लग्न हे मुलीला त्याच दिवशी कळलं पाहिजे. 'तिची साधना चालू आहे, नंतर सांगू' असं एका घरात झालेलं मला माहीत आहे. त्या मुलीनं ते कधी विसरलं नाही.

आईवडिलांशी तुम्हीही बोला. 'पोरगी देवाला दिली' असं गावभर सांगून झालेलं असतं, पार्टी झालेली असते. ती परत आली तर नाक कापलं जाईल ही भीती त्या मुलीच्या उशाखाली असते. मी प्रत्येक आईबापांना पहिल्या भेटीत सांगायचे: हे एक-दोन वर्षं दोन्ही बाजूंनी पारखण्यासाठी आहेत, परत आली तर तिच्यासाठी पायघड्या घाला.

९. निर्णयाची वेळ

नॉव्हिस कधीही, कारण न देता, संस्था सोडू शकते. संस्थाही तिला निरोप देऊ शकते. शेवटी ती योग्य वाटली तर पहिली व्रतं. त्यासाठी वय १८ पूर्ण हवं, आणि ही व्रतं किमान तीन वर्षांसाठी असतात. शंका उरली तर वरिष्ठ मुदत वाढवू शकतात, फार तर सहा महिने. ही वाढ शिक्षा म्हणून वापरू नका. कशाबद्दल शंका आहे आणि सहा महिन्यांत काय दिसायला हवं, हे तिला लिहून द्या. नुसतं 'अजून थोडी वाढ हवी' म्हटलं तर ती सहा महिने अंधारात चाचपडते.

नकार द्यावा लागला तर मला आमच्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया आठवतात. जपानात ते कित्येक वर्षं जेझुइट संघाच्या फादरांसोबत धर्मशिक्षक म्हणून राबले, त्यांच्यातच सामील व्हायची इच्छा होती, ती पुरी झाली नाही. मग व्यापार केला. पुढे मनिलात फ्रान्सिस्कन या दुसऱ्या संघात ब्रदर झाले. ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत त्यांनी क्रुसावर प्राण दिला, आणि १८६२ मध्ये ते संत घोषित झाले. नकार मिळालेल्या मुलीला ही गोष्ट त्याच दिवशी सांगू नका, तेव्हा ती ऐकण्याच्या मनःस्थितीत नसते. ही तुमच्यासाठी आहे.

जाणाऱ्या मुलीची पाठवणी नीट करा. रात्रीच्या अंधारात, बाकीच्या मुली चॅपेलमध्ये असताना गाडीत बसवून देणं ही वाईट पद्धत अजून काही ठिकाणी आहे. तिला निरोपाचं जेवण द्या. तिकीट तुम्ही काढा, लांब जायचं असेल तर सोबत पाठवा, हातखर्चाला पैसे द्या, दोन जोड साधे कपडे शिवून द्या (तिच्या जुन्या कपड्यांची उंची आता पुरत नाही, हे कुणाच्या लक्षात येत नाही). गावात आणि धर्मग्रामात काय सांगायचं ते तिला विचारा आणि तेवढंच सांगा. महिन्याभरानं एक फोन करा.

१०. तुमच्यासाठीही कुणीतरी हवं

फ्रान्समधल्या लिझ्यूची संत तेरेसा १८९३ पासून, म्हणजे विशीतच, मठातल्या नॉव्हिसांकडे बघायला लागली. नॉव्हिस मिस्ट्रेस हे पद तिला कधीच मिळालं नाही, आणि १८९७ मध्ये ती चोविसाव्या वर्षी वारली. आपल्याला पद आहे, गुडघेदुखी आहे आणि रजिस्टरही आहे. तरी एकटीनं हे झेपत नाही. घराबाहेरची एखादी अनुभवी सिस्टर किंवा फादर शोधा आणि महिन्यातून एकदा जाऊन बोला, मुलींची नावं न घेता. मी हे तिसऱ्या वर्षी सुरू केलं, कारण दुसऱ्या वर्षी एकाच महिन्यात दोघी निघून गेल्या आणि मी आठ दिवस तिसरीशी धड बोलले नाही.

११. व्रतांच्या दुसऱ्या दिवशी

मुलगी ज्युनियर मिस्ट्रेसकडे (पहिली व्रतं घेतलेल्यांना सांभाळणाऱ्या सिस्टरकडे) जाते. फाईल द्या. दाखले, अर्ज, वैद्यकीय अहवाल, तिमाही अहवालांच्या प्रती, सगळं. पहिल्या व्रतांआधी तिनं आपल्या मालमत्तेचा कारभार कुणाकडे सोपवला तो कागदही त्यात असू द्या. गावाकडे दीड एकर जमीन असली तरी तो लागतो.

तुमची वही मात्र देऊ नका. तिच्यातलं जे पुढे सांगण्याजोगं होतं ते अहवालात गेलेलं असतं. मी दर वर्षी ती मागच्या अंगणातल्या चुलीत घालायचे, पाणी तापवण्याच्या वेळी. पहिल्या वर्षीची ते 'आळशी' लिहिलेली वही तेवढी अजून माझ्याजवळ आहे. ते पान मी त्या मुलीला दाखवलं होतं, ती नर्स झाल्यावर. तिनं खालची तारीख वाचली, स्वतःच्या नाडीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, 'सिस्टर, तेव्हा मला पालेभाजी आणि लोखंडाची कढई हवी होती, पहिली रांग नको होती.'